थांब्यावरचे ताट : आयर्लंडचे ‘पारंपरिक’ अन्नपेय, दुष्काळाची स्मृती आणि वऱ्हाड

प्रस्तावना :

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोव्ह या बंदरात क्रूझ जहाजे थांबतात. हा मुक्काम बहुधा काही तासांचाच असतो. तेवढ्या अवधीत प्रवासी गाव पाहतात, जवळच्या कॉर्क शहरात अथवा मिडल्टन येथील व्हिस्कीच्या डिस्टिलरीत जाऊन येतात आणि जहाजावर परतण्यापूर्वी ‘पारंपरिक आयरिश’ म्हणून मांडले जाणारे पदार्थ चाखतात. सोडा घातलेला पाव, बटाटे, मांसाचा रस्सा, खारवलेले मांस व कोबी, काळी स्टाऊट बिअर, व्हिस्की आणि शेवटी आयरिश कॉफी असे या ताटाचे स्वरूप सर्वसाधारणपणे असते. प्रवाशाच्या दृष्टीने हे ताट म्हणजे त्या देशाची ओळख होय.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर मात्र येथे वेगळाच प्रश्न उभा राहतो. ज्या परंपरेचे हे ताट प्रतिनिधित्व करते ती केव्हा, कोणाच्या गरजेतून आणि कोणत्या आर्थिक परिस्थितीत घडली? अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरदेशीचा नाही. वऱ्हाड आणि आयर्लंड हे दोन्ही प्रदेश एकाच साम्राज्याच्या व्यवस्थेत होते. दोन्ही प्रदेश बाहेरच्या बाजारपेठेसाठी पिकवीत होते आणि दोहोंनी एकोणिसाव्या शतकात भीषण दुष्काळ अनुभवला. आज दोन्हीकडे गरिबाचे रोजचे अन्न पाहुण्यासाठी ‘खास’ अन्न म्हणून वाढले जात आहे. प्रस्तुत निबंधात कोव्हच्या थांब्यावरील अन्नपेयांचा इतिहास तपासून त्याच्या प्रकाशात वऱ्हाडातील अन्नपरंपरेचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) आयर्लंडमधील ‘पारंपरिक’ मानल्या जाणाऱ्या प्रमुख अन्नपेयांचा ऐतिहासिक उगम पाहणे.
२) या अन्नपेयांचा व्यापार, दुष्काळ व स्थलांतर यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) वऱ्हाडातील ज्वारी, कापूस व दुष्काळ यांच्या इतिहासाशी त्याची तुलना करणे.

मराठी प्रवासी आणि परके अन्न :

परक्या बंदरात उतरून तेथील अन्न चाखणे ही गोष्ट मराठी समाजाला आज सहज वाटते. ती नेहमीच तशी नव्हती. समुद्रप्रवास आणि परक्याच्या हातचे अन्नपाणी हे दोन्ही विषय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातिबहिष्काराशी जोडलेले होते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. तत्पूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील जाहीर व्याख्यानात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, आपला आहार व पोशाख बदलणार नाही, अशी भूमिका मांडली होती. पुढे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांसह अनेक मान्यवरांना धर्मसभेच्या चौकशीला आणि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. हे प्रकरण उघड करणारे गोपाळराव जोशी हे आनंदीबाईंचे पती होते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

वऱ्हाडापुरते पाहिल्यास अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्धच्या अपिलाच्या कामासाठी इंग्लंडला गेले आणि १९१० मध्ये परतले. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकले. एका पिढीच्या अंतराने समुद्रप्रवासाचा प्रश्न धर्मशास्त्राच्या कक्षेतून निघून शिक्षणाच्या व राजकारणाच्या कक्षेत आला. आजचा मराठी पर्यटक बहुधा सहल-संस्थेबरोबर जातो आणि अनेक सहलींत आपल्याकडील जेवणाची सोय आधीच केलेली असते. तेव्हा थांब्यावर परके अन्न चाखणे हा आता ऐच्छिक अनुभव झाला आहे. मात्र जे अन्न ऐच्छिक म्हणून चाखले जाते ते त्या भूमीत एके काळी अपरिहार्य होते, ही बाब नजरेआड होता कामा नये.

कोव्ह : निरोपाचे बंदर :

कोव्हचा बंदर म्हणून असलेला इतिहास हा मुख्यतः माणसे बाहेर जाण्याचा इतिहास आहे. राणी व्हिक्टोरियाच्या १८४९ मधील भेटीनंतर या गावाला क्वीन्सटाऊन हे नाव देण्यात आले आणि १९२० मध्ये पुन्हा कोव्ह हे नाव स्वीकारण्यात आले. लिव्हरपूलहून अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक जहाजांचा हा थांबा होता. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिकने शेवटचा थांबा येथेच घेतला होता. १८४८ ते १९५० या काळात सुमारे साठ लाख लोकांनी आयर्लंड सोडले आणि त्यांपैकी सुमारे पंचवीस लाख या एकाच बंदरातून गेले, असे मानले जाते. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील स्थलांतरित-केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, तेव्हा तेथे नोंद झालेली पहिली व्यक्ती म्हणजे अ‍ॅनी मूर ही किशोरवयीन मुलगी. तीही येथूनच निघाली होती.

ज्या धक्क्यावर आज पर्यटक जेवणासाठी उतरतो, त्याच गावातून एके काळी अन्न न मिळाल्यामुळे लोक निघून गेले. कोव्हच्या ताटाचा अर्थ लावताना हा विरोधाभास केंद्रस्थानी ठेवावा लागतो.

ताटातील पदार्थांचा इतिहास :

आयर्लंडचे म्हणून सर्वप्रथम नाव घेतले जाते ते बटाट्याचे. परंतु बटाटा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक असून ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये आले. त्यापूर्वी तेथील आहाराचा पाया ओट व दूधदुभते हा होता. दही, लोणी, चीज यांचे विविध प्रकार उन्हाळ्यात खाल्ले जात. अठराव्या शतकात जमिनीचे तुकडे लहान होत गेले, चांगली जमीन गहू, ओट व गुरे यांसाठी राखली जाऊ लागली आणि गरीब कुळांच्या वाट्याला आलेल्या हलक्या जमिनीवर बटाटा हेच पोट भरणारे पीक ठरले. दुष्काळापूर्वीच्या काळात कष्टकरी पुरुष दिवसाला सुमारे पाच ते सहा किलो बटाटे खात असे आणि त्याबरोबर ताक पीत असे. भाकरी व ताक यांवर दिवस काढणाऱ्या वऱ्हाडी शेतमजुराला ही जोडी अपरिचित वाटू नये. उकडलेल्या बटाट्यात कोबी वा तत्सम पालेभाजी घालून केलेले कोलकॅनन आणि किसलेल्या बटाट्याची बॉक्स्टी ही धिरडी हे पदार्थ याच आहारातून निर्माण झाले.

सोडा पाव हा तर तुलनेने अलीकडचा पदार्थ आहे. खाण्याचा सोडा बाजारात सहज मिळू लागल्यावर, म्हणजे १८३० च्या दशकानंतर, तो आयर्लंडमध्ये रूढ झाला. तेथील दमट हवामानात पिकणारा गहू मऊ असतो व यीस्टने चांगला फुगत नाही. आंबट ताक व सोडा यांच्या संयोगाने मात्र त्याचे पीठ हलके होते. हा पाव झाकणाच्या बिडाच्या भांड्यात ठेवून, झाकणावरही निखारे रचून, पीट नावाच्या वाळलेल्या दलदली मातीच्या विस्तवावर भाजला जाई. ज्या घरी भट्टी नाही त्या घरचा हा पाव होय. वऱ्हाडात गोवऱ्यांच्या आरात भाजले जाणारे रोडगे व पानगे यांच्यामागे हेच कारण दिसते. उपलब्ध इंधन आणि उपलब्ध पीठ यांनी पाककृती ठरविली, तिला पुढे ‘परंपरा’ हे नाव मिळाले.

खारवलेल्या गोमांसाचा इतिहास याहून बोलका आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत कॉर्क हे खारवलेले मांस व लोणी निर्यात करणारे मोठे केंद्र होते. आरमाराची व व्यापारी जहाजे येथून शिधा भरून घेत. १७७० मध्ये स्थापन झालेली कॉर्कची लोणीपेठ जगभर माल पाठवीत होती. परंतु ज्या प्रदेशातून हे मांस जात होते, तेथील गरिबाला ते परवडत नव्हते. त्याला सणासुदीला मिळालेच तर घरच्या डुकराचे खारवलेले मांस मिळे, आणि अनेकदा तेही खंड भरण्यासाठी विकावे लागे. अमेरिकेत गेलेल्या आयरिश स्थलांतरितांना तेथे गोमांस स्वस्त मिळाले. त्यांनी ते कोबीबरोबर शिजविले आणि तो पदार्थ ‘आयरिश’ म्हणून जगाला माहीत झाला. आयर्लंडमधील मूळची जोडी मात्र डुकराचे मांस व कोबी हीच होती. अमेरिकन पर्यटक कोव्हला उतरून खारवलेले गोमांस मागतो तेव्हा तो खरे तर आपल्या पूर्वजांच्या स्थलांतराचीच चव शोधत असतो.

पेयांची कथा :

काळ्या स्टाऊट बिअरचे नाव गिनेस या कंपनीशी जोडलेले आहे. आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये डब्लिन येथील सेंट जेम्सेस गेटची जागा वार्षिक ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांच्या करारावर घेतली. मात्र ज्या पोर्टर प्रकारातून स्टाऊट विकसित झाली तो प्रकार मूळचा लंडनचा होता. कॉर्क परिसरात बीमिश (१७९२) व मर्फी (१८५६) यांच्या स्टाऊटला स्थानिक अभिमानाचे स्थान आहे. व्हिस्कीच्या बाबतीत राज्यसत्तेचा हस्तक्षेप अधिक ठळकपणे दिसतो. १६६१ मध्ये मद्यावर कर बसविण्यात आला. कर भरणारी भट्टी कायदेशीर ठरली आणि खेड्यापाड्यांत गाळली जाणारी ‘पोचीन’ ही दारू गुन्हा ठरली. ती पुन्हा कायदेशीररीत्या विकण्यास १९९७ पर्यंत वाट पाहावी लागली. मेळघाटातील कोरकू समाजाच्या मोहाच्या दारूचा अबकारी कायद्यांशी आलेला संबंध लक्षात घेतल्यास ही प्रक्रिया सहज समजते. घरी गाळलेले पेय विधीचा व सामाजिक जीवनाचा भाग असूनही अवैध ठरते. कारखान्यातील पेय मात्र महसूल देत असल्यामुळे प्रतिष्ठित होते आणि कालांतराने तेच त्या देशाचा वारसा म्हणून दाखविले जाते.

आयरिश कॉफीचा जन्म तर प्रवासी थांब्यावरच झाला. लिमरिक परगण्यातील फॉइन्स येथे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता आणि युरोप-अमेरिका हवाई प्रवासात त्याला महत्त्व होते. १९४३ च्या हिवाळ्यात खराब हवामानामुळे परत फिरलेल्या विमानातील गारठलेल्या प्रवाशांसाठी तेथील आचारी जो शेरिडन यांनी गरम कॉफीत व्हिस्की व वर साय घालून हे पेय दिले, असे सांगितले जाते. १९५२ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले आणि तेथून जगभर गेले. कॉफी आयर्लंडमध्ये पिकत नाही, साखर पिकविणारा ऊस तेथे होत नाही. तरीही थांब्यावरच्या पाहुण्याची गरज भागविताना तयार झालेले हे पेय आज आयर्लंडची ओळख झाले आहे.

जो प्रवासी मद्य घेत नाही त्याला आयरिश परंपरा पारखी होते, असेही नाही. कॉर्क येथीलच फादर मॅथ्यू या कॅपुचिन धर्मगुरूंनी १८३८ मध्ये दारूबंदीची चळवळ सुरू केली आणि काही वर्षांतच लक्षावधी लोकांनी मद्य न पिण्याची शपथ घेतली. व्यसनमुक्तीसाठी वऱ्हाडात संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी केलेल्या लोकप्रबोधनाशी या चळवळीचे साम्य जाणवते. शिवाय दरडोई चहा पिण्यात आयर्लंड जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो आणि तेथील कडक चहाच्या मिश्रणात आसामच्या चहाला महत्त्वाचे स्थान आहे. पुण्यात १८९० मध्ये ज्या पेयावरून प्रायश्चित्ताचा वाद झाला, ते पेय कोव्हच्या पर्यटकाला घरच्यासारखे वाटते, याचे कारण दोन्ही देशांत ते एकाच साम्राज्याच्या व्यापाराने रुजविले हे आहे.

दुष्काळ : ताटामागील रिकामे ताट :

१८४५ मध्ये बटाट्यावर करप्याची साथ आली. ‘लंपर’ या एकाच भरघोस वाणावर गरिबांचे अवलंबित्व असल्यामुळे पीक सामुदायिकरीत्या नष्ट झाले. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख लोक उपासमार व रोगराईने मृत्युमुखी पडले आणि जवळपास तितकेच देशाबाहेर गेले. या काळात धान्य, गुरे व लोणी यांची निर्यात चालूच राहिली. १८४७ पासून मक्याची आयात धान्याच्या निर्यातीपेक्षा पुष्कळ वाढली हे खरे असले, तरी प्रश्न केवळ साठ्याचा नव्हता. अन्न विकत घेण्याची ऐपत ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यासाठी आयात व निर्यात दोन्ही सारखीच निरर्थक होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या हक्काधारित विश्लेषणात दुष्काळ म्हणजे अन्नाची टंचाई नसून अन्नावरील हक्काची टंचाई होय, हे सूत्र आहे. आयर्लंडचे उदाहरण त्याला पुष्टी देते.

पंतप्रधान पील यांनी नोव्हेंबर १८४५ मध्ये अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागविला. ‘इंडियन मील’ नावाने ओळखले जाणारे हे कठीण धान्य दळण्यास व शिजविण्यास अवघड होते. त्याने पोट बिघडत असल्याने लोकांनी त्याला ‘पीलचे गंधक’ असे कडवट नाव दिले. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आणि सुकडी यांच्या आठवणी जुन्या पिढीकडून ऐकलेल्यांना या नावामागील भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मदतीचे अन्न जीव वाचविते. तथापि ते सन्मानाने स्मरले जातेच असे नाही आणि कोणत्याही पारंपरिक ताटात त्याला स्थान मिळत नाही. कोव्हच्या खानावळीत सोडा पाव मिळतो, ‘पीलचे गंधक’ मिळत नाही.

या दुष्काळात भारतातूनही मदत गेली होती. १८४६ च्या प्रारंभी कलकत्त्यात निधी उभारून सुमारे १४ हजार पौंड आयर्लंडला पाठविण्यात आले.

वऱ्हाड : कापूस, ज्वारी आणि आयरिश प्रशासक :

१८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला अभूतपूर्व महत्त्व आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये व्हाईसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन झाले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. डब्लिन येथे जन्मलेले मेयो हे आयरिश सरदार घराण्यातील असून १८४७ मध्ये, म्हणजे ऐन दुष्काळात, किल्डेअर परगण्यातून संसदेवर निवडून गेले होते. त्यांच्याच कारकिर्दीत १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारचे शेतीविषयक खाते स्थापन झाले. या खात्याच्या निर्मितीमागे कापसाच्या पुरवठ्याची चिंता हे एक महत्त्वाचे कारण होते.

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या समृद्धीची साक्ष देते. परंतु ही समृद्धी कोणाची, हा प्रश्न उरतोच. वऱ्हाडचे मुख्य अन्न ज्वारी होते, तर मुख्य नगदी पीक कापूस. काळ्या कसदार जमिनीमुळे वऱ्हाड दुष्काळापासून सुरक्षित आहे, अशी समजूत रूढ होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ती खोटी ठरविली. १८९१ ते १९०१ या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजारांवरून २७ लाख ५४ हजारांवर, म्हणजे जवळपास पाच टक्क्यांनी घटली. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी १९९७ मध्ये प्रकाशित केलेल्या वऱ्हाडविषयक ग्रंथात कापसाचा विस्तार व दुष्काळ यांचा परस्परसंबंध हाच विषय केंद्रस्थानी ठेवला आहे.

या दुष्काळानंतर १९०१ मध्ये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर अँटनी मॅक्डोनल हे होते. मायो परगण्यात १८४४ मध्ये जन्मलेल्या या कॅथलिक प्रशासकाचे बालपण आयर्लंडच्या महादुष्काळाच्या काळातले होते. दुसऱ्या बाजूला, आयर्लंडमधील मदतकार्यावर तिजोरीच्या वतीने नियंत्रण ठेवून खर्चाला आवर घालणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर व हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य झाले. मुक्त व्यापारात ढवळाढवळ करू नये, मदत घेणाऱ्याकडून काम करून घ्यावे, खर्च मर्यादित ठेवावा, ही सूत्रे दोन्ही देशांत वावरली. माणसे आणि धोरणे एकाच साम्राज्याच्या मार्गांनी फिरत होती. म्हणूनच या दोन प्रदेशांची तुलना केवळ कल्पनेचा खेळ ठरत नाही. अर्थात भेदही महत्त्वाचे आहेत. आयर्लंडमध्ये एकच अन्नपीक रोगाने गेले. वऱ्हाडात पावसाने दगा दिला आणि नगदी पिकाच्या अर्थव्यवस्थेने धान्य महाग केले. आयर्लंडला समुद्रापलीकडची वाट होती, वऱ्हाडच्या मजुराला तशी वाट नव्हती.

वऱ्हाडातील थांबा आणि त्यावरचे अन्न :

वऱ्हाडला समुद्र नाही. येथील बंदर म्हणजे रेल्वे स्थानक. ज्या लोहमार्गाने कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या, त्याच मार्गावर शेगाव स्थानकाची कचोरी प्रसिद्ध झाली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने १९५० च्या सुमारास ती सुरू केली. मैद्याची पारी, मुगाच्या डाळीचे सारण आणि तळलेली हिरवी मिरची या स्वरूपात ती आज वऱ्हाडची ओळख मानली जाते. तिच्यात ज्वारी नाही व तिचा उगमही स्थानिक नाही. फॉइन्सच्या विमानतळावरील कॉफी आणि शेगावच्या फलाटावरील कचोरी यांचे नाते येथे स्पष्ट होते. दोन्ही साधारणपणे एकाच दशकातील, दोन्ही घाईतल्या प्रवाशासाठी घडलेल्या आणि दोन्ही पुढे प्रदेशाच्या नावाने रूढ झालेल्या.

ज्या अन्नाला खऱ्या अर्थाने जुने म्हणता येईल ते ज्वारीची भाकरी, झुणका व अंबाडीची भाजी हे होय. शेगाव येथील गजानन महाराजांच्या नैवेद्यात या पदार्थांना मानाचे स्थान आहे. गरिबाचे अन्न धर्मभावनेने जपले गेल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. मात्र याच ताटातील ठेच्याची मिरची व त्यातील शेंगदाणे ही पिके बटाट्याप्रमाणेच अमेरिका खंडातून आली, हेही विसरता येत नाही. परंपरा शुद्ध असते म्हणून टिकत नाही. ती लोकांच्या गरजेला उपयोगी पडते म्हणून टिकते.

खरी चिंता वेगळीच आहे. १९९० च्या दशकापासून पश्चिम विदर्भात सोयाबीनचा विस्तार झाला आणि ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. ज्वारीबरोबर जनावरांचा कडबाही गेला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन होत आले आहे आणि २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. तरीही शेतकऱ्याच्या शेतातून ज्वारी कमी होत असताना महामार्गावरील ढाब्यांच्या फलकांवर ‘वऱ्हाडी झुणका-भाकर’ ठळक होत जाते. शेतीसंकटामुळे २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना ३७५० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर करावे लागले. बाजारासाठी पिकविणाऱ्या प्रदेशाच्या घरच्या ताटाचा प्रश्न दीड शतकानंतरही सुटलेला नाही, याचे हे द्योतक होय.

निष्कर्ष :

१) कोव्हच्या थांब्यावर मिळणारे बहुतेक ‘पारंपरिक’ पदार्थ गेल्या दोन-अडीच शतकांत व्यापार, दारिद्र्य, स्थलांतर व प्रवास यांतून घडले आहेत. त्यांचे अलीकडचेपण त्यांना खोटे ठरवीत नाही. त्यांचा इतिहास मात्र त्यामुळे अधिक अर्थपूर्ण होतो.

२) निर्यातीचे अन्न व घरचे अन्न यांची फारकत हे आयर्लंड व वऱ्हाड यांच्या इतिहासातील समान सूत्र आहे. कॉर्कचे लोणी आणि वऱ्हाडचा कापूस जगाला मिळत असताना पिकविणाऱ्याच्या अन्नाची शाश्वती नव्हती.

३) पाहुण्याचे ताट निवडक असते. त्यात सणाचे व सुखाचे अन्न येते, दुष्काळाचे येत नाही. म्हणून अन्नाचा इतिहास लिहिताना वाढलेल्या ताटाइतकेच न वाढलेले ताटही पुरावा म्हणून वाचले पाहिजे.

४) आयर्लंडने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. कोव्हच्या जुन्या रेल्वे स्थानकात १९९३ मध्ये वारसा केंद्र उभे राहिले आणि १९९४ मध्ये स्ट्रोक्सटाऊन येथे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय सुरू झाले. क्रूझवरून उतरलेला प्रवासी तेथे जेवतो आणि त्याच फेरीत लोक का गेले हेही पाहू शकतो.

वऱ्हाडात हे कार्य महाविद्यालयांना करता येण्यासारखे आहे. १९७२ मध्ये जे पंधरा-सोळा वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी, मिलोच्या भाकरीची चव, घरात शेवटची ज्वारी कोणासाठी राखली जाई आणि कोण उपाशी राही, यांची माहिती अद्याप त्यांच्या स्मरणात आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील इतिहास, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन या मौखिक साधनांचे संकलन हाती घेतल्यास प्रदेशाच्या अन्न-इतिहासाला भक्कम आधार मिळेल. हे काम आणखी दहा वर्षे लांबणीवर पडल्यास ढाब्यांवरची भाकर उरेल. तिच्या अभावी काढलेल्या दिवसांची साक्ष देणारे मात्र कोणी उरणार नाही.